चार काजं आणि एक 'आई गं'

माझं लग्न चार काजांवर अडलं होतं. काज म्हणजे कोटाला बटण जायला भोक असतं ते. पण असं आक्कांसमोर म्हणायची सोय नाही. "भोक उंदीर पाडतो, काज मी करते," असं सुनावून त्या पुढचा अर्धा दिवस तुमच्याशी बोलत नाहीत.

आमचा कोटांचा कारखाना आहे. खाली दुकान आणि वर एक लांबलचक खोली. खिडक्यांकडे कापणारे बसतात, मधे शिलाईची मशिनं खडखडतात आणि अगदी टोकाला, जिथे उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही, तिथे मी माझी वाफेची इस्त्री घेऊन उभा असतो. मला सगळे इंजिन म्हणतात. काहींचं म्हणणं वाफेमुळे, काहींचं म्हणणं स्वभावामुळे. मी दोन्ही मान्य करतो.

माझ्या शेजारचं टेबल आक्कांचं, कारण हाताचं काज झालं की कोट थेट इस्त्रीला येतो. आक्का म्हणजे एवढीशी बाई. चष्मा दोरीने गळ्यात आणि डाव्या मनगटावर सुयांची लाल गादी बांधलेली. ही गादी पायाखाली आलेल्या बटाट्यासारखी दिसायची. ती आक्कांच्या धाकट्या बहिणीने शाळेत असताना शिवलेली. धाकटीने आयुष्यात शिवलेली ती एकमेव वस्तू, आणि ती पाहून तिला पुन्हा सुई का दिली नसावी हे कळायचं. पण आक्कांना तीच लागायची. नवी छान गादी कोणी आणून दिली तर त्या गोड हसून ती ड्रॉवरमध्ये टाकत.

हाताचं काज करताना बघणाऱ्याला वाटतं सगळं काम उजव्या हाताचं. खरं काम डाव्या हाताच्या बोटाचं असतं. ते कापडाखाली दडून बसतं आणि सुईचं टोक कुठे आलं ते सांगतं. टोक जरा जास्त आलं तर टोचतं, आणि टोचलं की आक्का "आई गं!" म्हणून अशा ओरडत की मशिनवाले पाय थांबवत. मग त्या स्वतःच हसत आणि रक्ताचा ठिपका लागलाच असेल तर थुंकीने लगेच पुसत. शिंप्यांमध्ये म्हणतात की ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने निघतं. खरं खोटं देव जाणे, पण ताजा डाग निघायचा.

एकदा एका राखाडी कोटाच्या अस्तरावर मला सुकलेला ठिपका दिसला. मी थंड पाण्याने काढला. पुढच्या कोटावर पुन्हा. त्याच्या पुढच्यावर तर दोन. डागांचं मला काही वाटत नाही, माझी निम्मी हयात डागांत गेली. पण दिवसभर शेजारी उभा राहून मी एकही "आई गं" ऐकलं नव्हतं. डाग होते आणि आवाज नव्हता.

आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही तुमचा इस्त्रीचा धंदा बघा."

मग मी त्यांच्या धाकटीला गाठलं. ती दोन गल्ल्या सोडून एका दवाखान्यात नर्स आहे, इंजेक्शनच्या खोलीत. लोक तिला घाबरतात आणि पुन्हा तिच्याकडेच जातात. मी दारात उभा राहून डागांची सगळी कहाणी सांगितली. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "अहो, बाही वर करा."

"मला इंजेक्शन नकोय."

"मग रांगेतून बाजूला व्हा. बाहेर बाकावर बसा, येते मी."

त्या बाकावर आम्ही बसलो ते बसलोच. पहिल्या दिवशी आक्कांबद्दल बोललो, दुसऱ्या दिवशीही आक्कांबद्दल. पुढे आक्कांचा विषय संपला तरी बाक सुटेना. तिचं लग्न घरच्या जबाबदाऱ्यांत राहून गेलेलं आणि माझं माझ्या तोंडामुळे. या वयात विचारायचं म्हणजे माझी बोबडी वळली होती. शेवटी तिनेच विचारलं. मी हो म्हणालो ते इतक्या जोरात, की आतून एक पेशंट बाहेर डोकावला.

पण एक घोडं अडलं. धाकटी लहान असताना आक्कांनी तिला शब्द दिला होता की तुझ्या लग्नाचा कोट मी शिवीन, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या काजापर्यंत. आता आक्का हट्टाला पेटल्या. कोट कापून झाला, शिवूनही झाला. गडद निळा, आत सायीच्या रंगाचं अस्तर. राहिली ती काजं, आणि ती काही होईनात.

कारण बोटांना काही कळतच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागाने म्हणतो, आक्कांच्या तळपायाची खरोखरच गुडघ्यापर्यंत चढायची. पांघरुणाचा स्पर्श सहन होईना आणि बोटांची टोकं मात्र बधिर. साखरेचं जुनं दुखणं होतं. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, असा कारभार. धाकटीने तपासून घेतलं तेव्हा कळलं की साखरेने नसांची टोकं कुरतडली आहेत.

"काजं मशिनवर करू," मी एकदा चाचरत म्हणालो.

आक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी इस्त्री उचलून भलत्याच कोटावर फिरवली. धाकटीला म्हटलं, तू तरी समजाव. ती म्हणाली, "तिचा शब्द आहे. मी थांबीन." मी म्हणालो, "अगं, मी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलोय." ती म्हणाली, "मग बसा." आणि वर हसली. तिच्या हसण्यापुढे माझं इंजिन गार पडतं.

एवढ्यात आक्कांच्या पोराने उपाय आणला. पोरगा म्हणजे चांगला बाप्या माणूस, वजनं उचलून उचलून असा फुगलाय की त्याचे कोट आमच्याकडे वेगळे कापावे लागतात. त्याला पहिलवान म्हणतात. एका सुट्टीच्या सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंगठ्याएवढी काचेची बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. पहिलवान छाती काढून उभा.

"पेप्टाइड आहे. नसा दुरुस्त करतं, दुखणं पळवतं. जिममध्ये सगळे घेतात."

धाकटी चहा गाळत होती. तिने गाळणी खाली ठेवली. "सगळ्यांच्या नसा तुटल्यात?"

"तसं नाही गं मावशी..."

"कुठून आणलंस?"

"नेटवरून."

"बाटलीवरची चिठ्ठी वाच. मोठ्याने."

पहिलवानाने वाचलं. फक्त प्रयोगशाळेत वापरण्यासाठी, माणसांना देऊ नये. शेवटचे शब्द त्याने जरा खाली उतरत्या आवाजात वाचले.

"ही पूड कशात कालवणार होतास?"

"पाण्यात. उकळून गार केलेल्या."

"आणि किती द्यायचं?"

"म्हणजे... आधी थोडं देऊन बघायचं."

धाकटी खुर्चीवर बसली. ती उभी राहून ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं, बसली की मात्र खैर नाही. "बाटलीत काय आहे ते तुला माहीत नाही. जे लिहिलंय तेच आहे का, माहीत नाही. स्वच्छ आहे का, माहीत नाही. घरचं पाणी उकळलं म्हणून टोचण्याजोगं होत नाही. आणि हे तू तुझ्या आईच्या पोटात घालणार होतास?"

पहिलवानाचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण डोळे भरून आले. "मग काय करू? ती रोज सकाळी पाय बादलीत घालून बसते. मला बघवत नाही."

मग मात्र धाकटीने त्याला जवळ घेतलं, म्हणजे जेवढा कवेत मावला तेवढा घेतला. म्हणाली, "औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. तू आणलंस ते औषध आहे की नाही हेच कळत नाही, असं म्हणतेय. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ." बाटली तिने रुमालात बांधून पर्समध्ये टाकली, दवाखान्यातून तिची नीट विल्हेवाट लावायला.

मोठ्या इस्पितळातल्या नसांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी आक्कांच्या बोटांवर कापूस फिरवला, टाचणी टेकवली, कंप जाणवतो का ते बघायला पायाला थरथरणारा चिमटा लावला. रक्त तपासलं, दुसरं काही कारण तर नाही ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा लहानसा तुकडा. शरीर स्वतःही असे तुकडे बनवतं, इकडचा निरोप तिकडे द्यायला. अशाच एका औषधाची आमच्याकडे चाचणी चालू आहे. नसांना उपयोग होतो का, दुखणं कमी होतं का, ते आम्ही बघतोय. होतोच असं मी सांगणार नाही, कारण मलाच माहीत नाही."

"आणि अपाय?" धाकटीने विचारलं.

"तोही बघतोय. म्हणून दर थोड्या दिवसांनी तपासणी. शिवाय निम्म्या लोकांना औषध मिळतं आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कोणाला काय मिळालं ते मलाही कळत नाही."

"तुम्हालाही कळत नाही, मग कळतं कोणाला?" आक्का म्हणाल्या.

"कॉम्प्युटरला. तो चाचणी संपल्याशिवाय तोंड उघडत नाही."

"आमच्या इंजिनला तेवढं शिकवा," आक्का म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाई पहिल्यांदा खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की औषध मिळो की पाणी, साखर ताब्यात ठेवणं, रोज चालणं आणि पायांची काळजी यातून कोणाचीच सुटका नाही. आक्कांनी पहिलवानाकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. म्हणाल्या, "पाणी मिळालं तरी चालेल. नुसतं बसून बोटं चोळण्यापेक्षा बरं."

पहिलं इंजेक्शन इस्पितळातच दिलं आणि अंगावर पुरळ येत नाही ना, श्वास लागत नाही ना, हे बघायला त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. पुढची घरी, स्वतः घ्यायची. शिकवायला धाकटी होतीच. आणि इथून खरी मजा सुरू झाली, कारण आक्कांना सुई माहीत होती. सुई माहीत नसलेल्या माणसाला शिकवणं सोपं.

धाकटी म्हणाली, औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाजवळ नाही, आणि हलवायची नाही. हात साबणाने धुवायचे. बाटलीचं झाकण स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं. आक्कांनी सगळं मुकाट्याने केलं. पोटाची चिमूट धरली, बेंबीपासून लांब. टोचायच्या आधी खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि पोटावर नेमकी खूण केली.

"आक्का! स्पिरिटने पुसलेल्या जागेवर खडू?"

"मग सरळ रेषेत कसं येणार?"

"सरळ रेषेत यायलाच नको! दर वेळी जागा बदलायची, इकडे तिकडे."

"इकडे तिकडे," आक्का तुच्छतेने म्हणाल्या. वाकडी शिवण घालायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि सुई फेकायची कल्पना तर त्यांच्या गळी उतरेचना. चांगली टोकदार सुई एकदा वापरून पिवळ्या डब्यात टाकायची? आक्कांच्या सुया झिजून झिजून आखूड होत, तोवर त्या टाकत नसत. धाकटीने किती वेळा सांगितलं की वापरलेली सुई बघायला चांगली दिसते पण चांगली राहत नाही, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, झाल्या झाल्या सिरिंजसकट डब्यात टाक. आक्का मान डोलवत. ती मान कशी डोलते ते मला शेजारच्या टेबलावरून वर्षानुवर्षं माहीत होतं, पण होणाऱ्या बायकोसमोर मेव्हणीची चुगली कोण करणार?

दिवस जात राहिले. पहिलवान वजनं सोडून रोज सकाळी आईबरोबर चालायला जाऊ लागला, तिच्या चालीने. गोळ्या वेळेवर, जेवण मोजकं. बादली हळूहळू कोपऱ्यात गेली. आग उतरली आहे, असं आक्का कधीतरी सांगत, आणि कधीतरी सांगत नसत. मी विचारायचो नाही. निळा कोट माझ्या टेबलामागे पिशवी घालून लटकलेला असे, बिनकाजाचा, आणि मी येता जाता त्याच्याकडे बघून उसासे टाकत असे. बोटं अजून गप्पच होती.

एका दुपारी धाकटी कोटाची लांबी बघायला कारखान्यात आली. स्टुलावर उभी होती आणि आक्का खाली बसून कोटाची कड धरून होत्या. डोळे कडेवर, आणि उजवा हात सवयीने मनगटावरच्या गादीकडे गेला, टाचणी चाचपायला.

"आई गं!"

मशिनं थांबली. खिडकीकडे कात्री थांबली. माझी इस्त्री एका बाहीवर टेकलेली होती ती तशीच राहिली, आणि मी सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी कापड जाळलं.

आक्का बोटाकडे बघत होत्या. एक लाल थेंब आला होता. "टोचलं," त्या म्हणाल्या. मग जोरात, "अगं टोचलं! मला टोचलं गं!" आणि त्या हसायला लागल्या, रडायला लागल्या, दोन्ही एकदम. मीही इस्त्री सोडून धावलो.

धाकटी स्टुलावरून उतरली. तिचेही डोळे वाहत होते, पण नर्सचे डोळे रडतानाही काम करतात. तिने गादी जवळ घेतली. रंगीत मण्यांच्या टाचण्यांमध्ये एक केशरी मणी जरा मोठा होता. तो मणी नव्हता. सिरिंजच्या सुईचं प्लास्टिकचं बूड होतं. जुन्या गादीचं पोट बसलेलं, त्यामुळे टोक आरपार जाऊन बाजूने बाहेर आलं होतं.

"आक्का. ही काय आहे?"

आक्कांचं हसू थांबलं. सकाळी इंजेक्शन घेतलं, सुई फिरवून काढली, आणि हात आपोआप मनगटाकडे गेला. एवढी वर्षं सुई हातातून सुटली की जाते कुठे? गादीत. त्यांना आठवतही नव्हतं.

"यांनी याच गादीतून सुई घेतली असती तर?" धाकटीने माझ्याकडे बोट केलं. मी आपली बोटं तपासली, कारण दोरे उपसायला मी रोज त्याच गादीतून सुई घेतो आणि सकाळीच माझा हात तिथे गेला होता. आक्कांनी फटका मारून हाकलला म्हणून वाचलो. "तुझी सुई तुझ्याच बोटात गेली म्हणून निभावलं. ऊठ, आधी साबणाने हात धू. रगडू नकोस, नुसतं पाणी सोड वरून."

आक्का नळाखाली बोट धरून उभ्या राहिल्या. धाकटी पाठीमागे उभी राहून बोल लावत होती. सुईबद्दल, डब्याबद्दल, ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या बायकांबद्दल. मधेच थांबून विचारायची, "पाणी गार लागतंय?" आक्का म्हणायच्या, "लागतंय!" की पुन्हा दोघी हसायच्या आणि बोलणी पुढे चालू. इतक्या आनंदाने कोणी कोणाची हजेरी घेतलेली मी पाहिली नाही.

डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला. त्यांनीही आधी खरडपट्टी काढली, दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं. मग जरा थांबून विचारलं, "टोचलं ते कळलं? कुठल्या बोटाला?" आक्कांनी सांगितलं. पलीकडून हळूच आवाज आला, "मी अजून काही म्हणणार नाही." पण तो आवाज हसरा होता, सगळ्यांनी ऐकलं.

गादी मात्र जाणार होती. तिच्यातल्या सगळ्या सुयांसकट. आक्का ती घट्ट धरून बसल्या. "तू शिवलेली आहे गं."

"म्हणून तर मीच टाकते," धाकटी म्हणाली, आणि मनगटावरची गाठ तिने हलकेच सोडली. आक्कांनी मनगट चोळलं. तिथली कातडी गोरी, लहान मुलीसारखी राहिली होती. मी इस्त्रीकडे गेलो.

त्यानंतर सुई आणि पिवळा डबा यात आक्कांनी कधी तिसरी जागा येऊ दिली नाही. आठवड्याभरात धाकटीने नवी गादी शिवून आणली. पहिलीपेक्षाही वाकडी. आक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली, म्हणाल्या, "तुझा हात सुधारला नाही," आणि लगेच बांधली.

मग निळा कोट खाली उतरला. पहिलं काज आक्कांनी केलं, उसवलं, पुन्हा केलं, पुन्हा उसवलं. बोटं पूर्वीची झाली नव्हती, होतील असं कोणी म्हटलंही नव्हतं. डाव्या हाताची करंगळी अजून बधिरच आहे आणि संध्याकाळी पाय कधी कधी जळतात. औषध होतं की खारं पाणी, ते कॉम्प्युटरने अजून सांगितलेलं नाही. ओळखीपाळखीचे लोक येऊन औषधाचं नाव विचारतात. आक्का नाव सांगत नाहीत, डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगतात, आणि सुई कुठे ठेवू नये यावर भाषण देतात.

तीन काजं झाली. चौथ्याला पुन्हा खणखणीत "आई गं!" आलं, आणि अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या. कोट माझ्याकडे आला. मी उलटा केला, तर चौथ्या काजाखाली, सायीच्या रंगाच्या अस्तरावर, मोहरीएवढा लाल ठिपका.

"द्या इकडे, पुसते," आक्का म्हणाल्या.

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. वर पंखा, समोर टेबल, बाकांवर सगळा कारखाना. धाकटीने कोट चढवताना आत पाहिलं, नर्सची नजर.

"अहो, रक्त आहे हे. तुम्ही तर सगळे डाग काढता म्हणे."

"काढतो. ते बिनआवाजाचे होते," मी म्हणालो. "हा आवाजासकट आलाय. हा राहू दे."

तिने चारही बटणं एकेक करून लावली, शेवटचं अगदी सावकाश, आणि त्या काजावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आक्कांचा आवाज आला, "अहो इंजिन, सही करा आता, माझा कोट चुरगळतोय."